पर्यावरणाचा वेगळा पेपर नको, मोरीचे गणित बदला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थासाठीचे रस्ते, पूल, घाट, मलशुद्धीकरण केंद्रे यांच्या बातम्या आपल्या पानांवर सतत असतात. निविदा कितीची, काम कुठवर आले, खड्डा कुणी बुजवायचा यावर भरपूर लिहिले जाते. ही बांधकामे पुढची तीस-चाळीस वर्षे सांभाळायची आहेत ती आज नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत स्थापत्य शिकणाऱ्या मुलामुलींनी. बदलत्या पावसाबद्दल आणि उन्हाबद्दल त्यांना वर्गात काय शिकवले जाते, हे मात्र चर्चेत येत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, कारण आकड्यांशिवाय हा विषय बोलण्यात अर्थ नाही.

सध्याची रीत अशी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला पर्यावरण अभ्यास नावाचा विषय असतो, बहुतेक ठिकाणी विनाश्रेयांक, म्हणजे पास झाले की झाले. त्यात ओझोनचा थर, हरितगृह वायू, जैवविविधतेचे प्रकार. सबमिशनला ‘आमच्या परिसरातील प्रदूषण’, तेही मागच्या बॅचच्या फाइलवरून उतरवलेले. पुढे तोच विद्यार्थी टीईला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) जलविज्ञान शिकतो तेव्हा गणितात ‘पर्जन्यतीव्रता ताशी ५० मिमी धरा’ असे छापलेले असते, आणि तो मुकाट्याने धरतो. आधीच्या विषयात जग तापत असते, या विषयात पाऊस मात्र जागचा हललेला नसतो. एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) कागदांवर सगळे ठीक दिसते. बारा प्रोग्राम आउटकम्सच्या (पदवीधराला काय यायला हवे त्याच्या) यादीत सातवा क्रमांक बरीच वर्षे ‘पर्यावरण आणि शाश्वतता’ याचाच होता. कोणता विषय त्याला किती लागू पडतो, त्या चौकटीत १, २ किंवा ३ लिहायचे असते. ३ लिहायला कुणाचे काय जाते?

यावर उपाय म्हणून ‘हवामान बदल आणि शाश्वत विकास’ असा आणखी एक पेपर आणण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. आमचा त्याला विरोध आहे. तोही पेपर व्याख्या आणि टिपांचाच होईल. विषय आहेत तेच राहू द्या, गटाराची आणि मोरीची (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटेची) गणितेही तीच राहू द्या. फक्त ती नाशिकच्या आकड्यांवर करून घ्या, आणि केलेले डिझाइन मोडेपर्यंत ताणून पाहायला लावा.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. पाथर्डी फाटा, म्हसरूळ किंवा आडगावच्या बाजूचा तीन हेक्टरचा लेआउट घ्या. काल शेत होते, आज प्लॉट पडले. पावसाळी गटाराचा शेवटचा पाइप किती व्यासाचा लागेल? रॅशनल पद्धत सगळ्यांना पाठ असते: अपवाह गुणांक (पडलेल्या पावसाचा वाहून जाणारा हिस्सा), ताशी मिलिमीटरमध्ये तीव्रता आणि हेक्टरमध्ये क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले ३६०. छपरे, रस्ते, पेव्हर ब्लॉक धरून गुणांक ०.७५ आणि तीव्रता पुस्तकातली ५० घेतली की सेकंदाला ०.३१ घनमीटर येतात. दोनशेला एक उताराचा ६०० मिमीचा एनपी-३ (काँक्रीटचा) पाइप, मॅनिंगचा (आतल्या खडबडीतपणाचा) गुणांक ०.०१५ धरला तर, भरून वाहताना ०.३८ घनमीटर नेतो. पाइप पास, दहापैकी दहा.

आता ५० कुठून आले ते विचारा. लेआउटच्या दूरच्या टोकापासून पाणी यायला ३०० मीटर अंतर आणि शंभराला एक उतार असेल तर किर्पिचच्या सूत्राने नऊ-दहा मिनिटे येतात. छपरावरून आणि अंगणातून गटारापर्यंतचा वेळ मिळवून १५ मिनिटे धरू. म्हणजे या पाइपला तासाभराच्या सरासरीशी काही देणेघेणे नाही. त्या १५ मिनिटांत किती कोसळते तेच बघायचे. चोवीस तासांच्या पावसावरून कमी वेळाचा पाऊस काढायला हवामान खात्याचा घनमूळाचा नियम वापरतात: कालावधी भागिले चोवीस तास, त्याचे घनमूळ, गुणिले दिवसाचा पाऊस. दिवसाचा पाऊस १०० मिमी असेल तर १५ मिनिटांत साधारण २२ मिमी, म्हणजे ताशी ८७ मिमीची तीव्रता. हवामान खात्याच्या व्याख्येत ६४.५ मिमीपासून ‘मुसळधार’ आणि ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ सुरू होतो. त्यामुळे १०० हा काही अघोरी आकडा नव्हे. ८७ घालून तेच गणित केले की ०.५४ घनमीटर येतात. ६०० चा पाइप गेला. ७०० चा ०.५७ नेतो, म्हणजे जेमतेम.

लक्षात घ्या, इथपर्यंत हवामान बदलाचा काडीचा संबंध आलेला नाही. हे निव्वळ चुकीचे गणित आहे. ‘ढगफुटीसदृश पाऊस’ म्हणून सगळे खापर आभाळावर फोडायची आपल्याकडे सोय झाली आहे. भावी अभियंत्याला सर्वांत आधी शिकवायचे ते हेच, की तुंबलेल्या पाण्यात चुकीच्या डिझाइनचा वाटा किती, न काढलेल्या गाळाचा किती आणि बदलत्या पावसाचा किती, हे वेगवेगळे काढून दाखव.

बदलता पाऊस येतो तो या पुढच्या पायरीवर. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. थोड्या वेळात कोसळणाऱ्या सरी जोरदार होण्यामागचे मुख्य कारण हे. मग ८७ चे १० टक्के, २० टक्के, ३० टक्के वाढवून बघा. २० टक्क्यांना ०.६५ घनमीटर येतात आणि ७०० चा पाइपही कमी पडतो. ८०० चा ०.८१ नेतो. व्यास ६०० वरून ८०० केला तर क्षमता दुपटीच्या वर जाते, कारण ती व्यासाच्या आठ-तृतीयांश घाताने वाढते. खर्च मात्र दुप्पट होत नाही. खोदाई, बेडिंग, चेंबर, रस्ता पूर्ववत करणे यांत थोडाच फरक पडतो. हा फरक जिल्हा दरसूचीवरून मुलांनीच काढावा.

त्याच पाइपमध्ये आता गाळ भरा. उंचीचा चौथा हिस्सा गाळाने भरला तर छेदाचे क्षेत्र २० टक्केच घटते, पण ओली परिमिती तेवढी घटत नसल्याने वहनक्षमता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. ८०० चा पाइप ०.५८ वर येतो, आणि २० टक्के जादा पाऊस सोसेनासा होतो. म्हणजे मे महिन्यात चेंबर उघडून गाळ काढण्याची किंमत पाइपच्या एका साइझएवढी आहे. हे गणित एकदा हाताने केलेला मुलगा उद्या महापालिकेत लागला तर नालेसफाईच्या बिलावर डोळे झाकून सही करणार नाही, एवढी आशा ठेवायला हरकत नाही.

मोठा पाइप टाकून प्रश्न संपतो का? नाही, तो नासर्डी नदीच्या काठावरच्या वस्तीकडे सरकतो. शेत होते तेव्हा गुणांक ०.३ होता आणि त्याच पावसात ०.२२ घनमीटर वाहत होते. वाढलेले ०.३३ घनमीटर १५ मिनिटे थोपवायचे तर सुमारे ३०० घनमीटर जागा लागते. तीन हेक्टरच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, म्हणजे ३,००० चौरस मीटर. ती आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा फक्त १० सेंटिमीटर खोल ठेवली की काम झाले! थोडी वर-खाली होईल म्हणून १५ धरा. चेंबरमध्ये जरा खाली बसवलेला १५० मिमीचा पाइप ही जागा चार-पाच तासांत रिकामी करतो. तळाला चेंबरकडे उतार मात्र हवा, नाहीतर डबकी राहतात, डास होतात आणि महिनाभरात रहिवासीच भर टाकायची मागणी करतात. प्रत्यक्षात काय चालते ते कुठल्याही नव्या कॉलनीत दिसेल. खुल्या जागेत मुरूम टाकून ती रस्त्याच्या वर उचललेली, भोवती कंपाउंड, आत पेव्हर ब्लॉक. आणि रस्त्यावर दर वेळी जुना थर न खरवडता नवा चढवल्यामुळे जुन्या घरांची जोती रस्त्याच्या खाली गेलेली.

एवढा एकच प्रश्न नीट करून घेतला तर त्यात जलविज्ञान, द्रव यांत्रिकी, नगररचना आणि एस्टिमेटिंग असे चार विषय येतात. त्यासाठी ना जादा तास लागतात, ना प्रयोगशाळा.

दुसरी गोष्ट पूररेषांची. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे विद्यार्थी सांगतात. पण ‘२००८ ला गोदावरीला पूर आला, म्हणजे आता २०३३ पर्यंत निवांत’ असा समज शिकल्यासवरल्यांतही आहे. (२०१६ आणि २०१९ ने तो पुरेसा खोटा पाडला आहे.) दर वर्षी शक्यता पंचवीसात एक असेल तर वीस वर्षांत एकदा तरी पाणी निळ्या रेषेला लागण्याची शक्यता ५६ टक्के येते, आणि वीस वर्षे ही साधारण एका गृहकर्जाची मुदत. लाल रेषेसाठी तोच आकडा १८ टक्के. हे दोन ओळींचे गणित आहे. त्यात पूर बदलत नाही असे गृहीत धरलेले असते, तेच गृहीतक ढळले तर काय, हा त्याला जोडूनचा प्रश्न.

तो तपासायला गम्बेलची (दुर्मीळ पावसाचा अंदाज काढायची) पद्धत अभ्यासक्रमात आहेच. दर वर्षीचा एका दिवसाचा कमाल पाऊस घ्यायचा, सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचे. तीस वर्षांची माहिती असेल तर पंचवीस वर्षांच्या पावसासाठी विचलनाला २.३९ ने गुणून सरासरीत मिळवायचे. हे आज एकदाच, पुस्तकातल्या कुठल्या तरी नदीच्या आकड्यांवर होते. त्याऐवजी एकाच केंद्राची जुनी तीस वर्षे आणि अलीकडची तीस वर्षे वेगवेगळी घेऊन दोन उत्तरे काढायला लावा. फरक आला तर लगेच ‘हवामान बदल सिद्ध झाला’ असे लिहू देऊ नका. एका केंद्राच्या तीस आकड्यांत योगायोगानेही बराच फरक पडतो. विश्वास-मर्यादा (उत्तर कुठून कुठपर्यंत हलू शकते ते) काढा, शेजारच्या दोन केंद्रांशी ताडून बघा. फरक आला नाही तरी उत्तर तितकेच उपयोगी.

आकडे कुठून आणायचे, यावर बरेच प्राध्यापक अडतात. हवामान खात्याची १९०१ पासूनची दैनंदिन जाळीबद्ध पर्जन्यमाहिती पाव अंशाच्या चौकटींत मिळते. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडलनिहाय पाऊस असतो, महावेधची स्वयंचलित केंद्रे आहेत. पण पाव अंशाची चौकट म्हणजे जवळजवळ २७ किलोमीटरची बाजू. नाशिक-त्र्यंबक अंतरही साधारण तेवढेच, आणि दोन्हीकडच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास पडणाऱ्या या जिल्ह्यात चौकटीची सरासरी घेऊन मोरी काढली तर घाटाकडे ती वाहून जाईल आणि पूर्वेला उगीच मोठी होईल. जाळीबद्ध माहिती कल पाहायला वापरावी, मोरी काढताना जवळच्या पर्जन्यमापकाचे आकडे घ्यावेत.

तसाच मोह उपग्रहावरून काढलेल्या उंचीच्या नकाशांचा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर तीस मीटरचा फुकट नकाशा उतरवून पाणलोट रंगवला की प्रोजेक्ट रिपोर्ट देखणा होतो. त्यातली उभी चूक काही मीटरची असते आणि इमारतींची छपरे, झाडांचे शेंडे हीच जमीन समजली जाते. शहरातला नाला त्यात कित्येकदा उलटा वाहतो. बाह्य परीक्षक रंग पाहून खूश होतात, हे आमच्याच व्यवसायबंधूंबद्दल लिहावे लागते आहे. नाल्यावर ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मोजपट्टी) घेऊन उतरण्याला पर्याय नाही.

म्हणून सर्व्हे कॅम्पसाठी एक सूचना. पुराच्या दिवशी सगळे नाशिक विचारते ते गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले एवढेच. कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत, यावरून भांडीबाजारातला माणूस दुकान आवरायचे की नाही ते ठरवतो. या पूरमापकाला मीटरचे आकडे विद्यार्थ्यांनी लावावेत. फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान, पात्रात पाणी कमी असताना, जवळच्या पक्क्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) लेव्हल आणून पाय, कंबर, छाती, गळा अशा खुणांच्या तलउंच्या काढायच्या. परत बेंचमार्कवर येऊन लेव्हल जुळते का बघायची. चूक, अंतर किलोमीटरमध्ये धरून, त्याच्या वर्गमूळाच्या २४ पट मिलिमीटरपेक्षा जास्त आली तर काम पुन्हा. मग मूर्तीच्या वर आणि खाली शंभर-शंभर मीटरवर नदीचे आडवे छेद घ्यायचे. प्रत्येक खुणेसाठी मॅनिंगने विसर्ग काढायचा, एकदा दगडगोट्यांच्या पात्राचा गुणांक ०.०३ धरून आणि एकदा काँक्रीटचा तळ समजून ०.०१८ ने. तळातले काँक्रीट राहावे की निघावे यावर शहरात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. त्या वादात वेग किती वाढतो आणि पातळी किती उतरते याचे आकडे मुलांच्या वहीत तरी असू द्या. भूजलाशी तुटलेले नाते हा वेगळा हिशेब, तो मॅनिंगच्या सूत्रात येत नाही हेही त्यांना कळू द्या.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून सोडलेला आणि होळकर पुलाखालून वाहणारा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, आपल्याच दैनिकात छापून येतो. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ घनमीटर. खुणांवरून काढलेला पातळी-विसर्गाचा आलेख या आकड्यांशी ताडून बघायचा. तो चुकणारच. पुरात पाण्याचा उतार तळाच्या उताराइतका नसतो, आणि पुलांचे खांब व घाटांच्या पायऱ्या पाणी मागे दाबतात. का चुकला हे लिहिण्याला निम्मे गुण ठेवा. धरण आणि पूल यांच्यातला वेळ वजा करून दोन विसर्गांतला फरक काढला की धरणाखालच्या नाल्यांनी आणि शहराच्या छपरा-रस्त्यांनी नदीत किती ओतले ते समोर येते. पूर आला की ‘धरणातून पाणी सोडले म्हणून’ एवढेच बोलले जाते. हा फरक त्याला परस्पर उत्तर देतो.

काँक्रीटकडे वळतो. सिमेंट उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ७ ते ८ टक्के उत्सर्जन होते, हे वाक्य निबंधात असते. मिक्स डिझाइनच्या (काँक्रीटमधले प्रमाण ठरवण्याच्या) जर्नलमध्ये मात्र त्याचा मागमूस नसतो. १०० चौरस मीटरचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब घ्या: १२.५ घनमीटर काँक्रीट. एम-२५ प्रतीच्या काँक्रीटसाठी घनमीटरला ३४० किलो ओपीसी (साधे सिमेंट) धरले आणि किलोला ०.९ किलो उत्सर्जन, तर सिमेंटचे ३.८ टन होतात. तेच ३० टक्के फ्लाय अ‍ॅश (औष्णिक केंद्राची राख) घालून, एकूण बाइंडर (सिमेंट आणि राख मिळून) ३६० किलोपर्यंत वाढवून केले तर २.८ टन. टनभर वाचले. पण घनमीटरला ७० किलो धरले तरी या स्लॅबमध्ये पावणेनऊशे किलो लोखंड असते, आणि आपल्याकडच्या पोलादाला टनामागे साधारण अडीच टन धरले तर त्याचेच २.२ टन होतात. हे कुणी मोजत नाही. ‘सेफ साइडला’ म्हणून १२५ चा स्लॅब १५० केला की अडीच घनमीटर काँक्रीट तर वाढतेच, शिवाय चौरस मीटरला ०.६ किलोन्यूटनहून जास्त स्ववजन बीम, कॉलम, पाया असे खालपर्यंत उतरते. शाश्वत बांधकामाची पहिली पायरी हिरवे सिमेंट नव्हे. लागेल तेवढाच स्लॅब काढता येणे, ही आहे.

फ्लाय अ‍ॅश आपल्या दारातच, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात आहे. म्हणून तिच्याबाबतच्या चुकाही इथेच शिकवाव्यात. ईएसपीतून (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रातून) मिळणारी कोरडी राख आणि तळ्यात सोडलेली ओली राख या दोन वेगळ्या वस्तू आहेत, तळ्याची राख स्ट्रक्चरल काँक्रीटमध्ये घालायची नसते. पीपीसीच्या (मिश्र सिमेंटच्या) गोणीत राख आधीच असते (मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के). त्यात साइटवर आणखी ३० टक्के ढकलली तर ताकद येणार कुठून? राखेचे काँक्रीट ताकद सावकाश धरते. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायचे, तर मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि चौदा दिवसांची शिफारस. साइटवर मात्र दोघांनाही सारखेच पाणी मिळते आणि सेंट्रिंगही एकाच दिवशी निघते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ओतलेल्या स्लॅबवर वाऱ्याने तासाला चौरस मीटरमागे एक किलोपेक्षा जास्त पाणी उडू लागले की तासा-दोन तासांत केसासारख्या भेगा पडतात. नीट पाणी न मिळालेल्या राखेच्या काँक्रीटचे कार्बोनेशनही (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सळईचे संरक्षण जाणे) लवकर होते, आणि कव्हर ब्लॉकऐवजी (सळई काँक्रीटच्या आत ठेवणाऱ्या ठोकळ्याऐवजी) खडीचा तुकडा लावलेला असेल तर सळई गंजायला फार वर्षे लागत नाहीत. ज्या स्लॅबचे टनभर कार्बन वाचवले तो वेळेआधी पाडावा लागला तर बचत कसली? प्रॅक्टिकलला ओपीसी आणि राखेचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) ७, २८ आणि ५६ दिवसांना फोडावेत. त्यात एक जोडी तीनच दिवस पाण्यात ठेवलेली असावी. २८ दिवसांवर थांबलो तर राख वाईट ठरते, ५६ ला चित्र बदलते.

पाडकामाच्या राडारोड्याबद्दल थोडक्यात. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुनर्वापरित काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण वापरायला मुभा आहे. ती जास्त पाणी शोषते, म्हणून आधी भिजवून घ्यावी लागते, नाहीतर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) जातो. डोंगर फोडून खडी आणण्यावरून जिल्ह्यात एवढे वाद होत असताना ही तरतूद ठाऊक नसलेले पदवीधर आपण बाहेर पाठवतो.

पाऊसपाणी संकलनाचा कागदी खेळ तर सगळ्यांना ठाऊक आहे. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना ते सक्तीचे, म्हणून नकाशात एक चौकोनी खड्डा दाखवला जातो. १०० चौरस मीटर छपरावर नाशिक शहराच्या सातशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात ८० टक्के पाणी हाती लागते असे धरून वर्षाला ५६ हजार लिटर मिळतात, हा आकडा पोस्टरवर छान दिसतो. पण ताशी १०० मिमीची सर आली की त्याच हिशेबाने त्या छपरावरून मिनिटाला १३३ लिटर येतात. एक मीटर लांब, एक रुंद, दीड खोल खड्ड्यात दगडगोटे भरले तर पोकळी ४० टक्के, म्हणजे ६०० लिटर. साडेचार मिनिटांत खड्डा भरतो, आणि खाली मुरमाचा पातळ थर संपून सलग काळा दगड लागला असेल तर उरलेले पाणी पार्किंगमध्ये. आधी खड्ड्यात पाणी भरून दर दहा मिनिटांनी पातळी किती उतरते ते मोजा, मग आकार ठरवा. पाझर नसेल तर सरळ टाकी बांधा. निफाडकडच्या काळ्या मातीत तर पायालगत पाणी मुरवणे म्हणजे दुखणे विकत घेणे. ती माती फुगते-आकसते, आणि लांब उघडीप पडून मग एकदम पाऊस आला की हा खेळ आणखी जोराने चालतो.

तंत्रनिकेतनांना यातून वगळू नये. साइटवर उभा असतो तो बहुतेक वेळा पदविकाधारक. कव्हर ब्लॉक, पाणी मारणे, पाइपचा उतार, चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल (पाइपच्या आतल्या तळाची पातळी) या गोष्टी त्याच्याच हातात असतात.

नाशिकइतकी सोय दुसऱ्या शहराला क्वचितच आहे. दिंडोरी रोडवर मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आणि धरण सुरक्षितता संघटनाही इथेच आहेत. राज्यातल्या धरणांचे डिझाइन आणि तपासणी जिथे होते तिथून काही किलोमीटरवर शिकणारी मुले जलविज्ञानाचे गणित परप्रांतातल्या नदीवर करतात. या संस्थांनी प्रत्येक सत्रात एक दिवस टीईच्या वर्गांसाठी राखून ठेवावा आणि स्वयंचलित पर्जन्यमापकांची तासाची व पंधरा मिनिटांची जुनी माहिती महाविद्यालयांना द्यावी. महापालिकेने सिंहस्थाच्या पावसाळी गटारांचे आणि मोऱ्यांचे डिझाइनचे कागद, निदान कोणती तीव्रता आणि कोणता पुनरावृत्ती काळ (किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस) धरला तेवढे, शैक्षणिक वापरासाठी खुले करावेत. काम चालू असताना विद्यार्थ्यांनी ते तपासले तर बिघडत काहीच नाही.

विद्यापीठाकडे मागणी छोटी आहे. पेपरात ‘हवामान बदलाचे परिणाम स्पष्ट करा’ हा प्रश्न नको. ‘वरील मोरी ताशी ८७ मिमीला डिझाइन केली आहे. पाऊस २० टक्के वाढला आणि तळाचा पाव भाग गाळाने भरला तर पाणी कुठून बाहेर पडेल, आणि सर्वांत कमी खर्चात तुम्ही काय बदलाल?’ असा प्रश्न टाका. टर्म वर्कला प्रत्येक गटाला वेगळा नाला, वेगळा छेद द्या, म्हणजे मागच्या वर्षीची फाइल कामाला येणार नाही. व्हायवाला रिपोर्ट मिटवून एकच विचारा: हा पाइप कितीचा, आणि त्याच्याहून एक साइझ लहान का चालला नाही?

आपले नम्र,
स्थापत्य अभियांत्रिकीचे काही अध्यापक व सल्लागार अभियंते,
नाशिक